एका नंबरावरची दोनशे चौदा माणसं

दामिनी निडवंचे आर्किटेक्ट आहे हे उदगीरच्या चौबाऱ्यात सगळ्यांना माहीत होतं; कशाची, ते मात्र कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. तिचे वडील चन्नबसप्पा यांचं तिथं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. दिवाळीला ती माहेरी आली, की एखादं ओळखीचं गिऱ्हाईक हमखास प्लॉटचा कागद घेऊन यायचं. "ताई, तीस बाय चाळीस हाय, पूर्वमुखी. जरा नकाशा काढून देता का?" दामिनी हसून सांगायची, की मी घरांची आर्किटेक्ट नाही. मग कशाची, असा पुढचा प्रश्न यायचा, तिचं उत्तर लांबत जायचं आणि समोरच्याचा चहा निवून जायचा.

अप्पांनी स्वतःपुरतं एक उत्तर शोधून ठेवलं होतं. ते म्हणायचे, "पाच दवाखान्यात पाच तऱ्हेचे कॉम्प्युटर हायत. एकाचं दुसऱ्याला काही मालूम नसतंय. आमची दामिनी त्यांची बोलचाल करून देती." दामिनीला हे उत्तर आवडायचं. तिच्या नेमणुकीच्या पत्रात दीड पान भरून जे लिहिलं होतं, त्याचा अर्थ साधारण एवढाच होता.

शिक्षण तिचं नांदेडला झालं, आणि नोकरीची पहिली बारा वर्षं हैदराबादेत गेली. औषधांची गोदामं चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत ती प्रोग्राम लिहायला म्हणून लागली. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आपल्याला प्रोग्राम लिहिण्यापेक्षा एक वेगळंच काम जास्त जमतं. खरेदीवाल्यांची एक यादी, गोदामवाल्यांची दुसरी, गाड्या पाठवणाऱ्यांची तिसरी. प्रत्येकाला वाटायचं आपलीच यादी खरी. दामिनी तिघांच्या मधे बसायची आणि कोणत्या गोष्टीत कुणाचा शब्द अखेरचा, हे ठरवून घ्यायची. ते ठरलं, की पुढचं यंत्रांचं काम सोपं असायचं. माणसांची तोंडं एका दिशेला वळवणं हेच अवघड होतं आणि तेवढं धीराचं काम तिला येत होतं.

तिचा नवरा रविकांत नांदेडच्या रेल्वे विभागीय कार्यालयात. लग्नानंतरची कितीतरी वर्षं दोघांनी शनिवार-रविवारचा संसार केला. शेवटी ती कंटाळली आणि नांदेडलाच काही मिळतंय का ते पाहू लागली. कमलतीर्थ आरोग्य संस्थेचं बोलावणं आलं तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. संस्थेचं नांदेडला दोनशे खाटांचं रुग्णालय, लातूर आणि उदगीरला त्याहून लहान, आणि बिलोली व इस्लापूरला वीस-वीस खाटांचे दवाखाने. प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या काळात घेतलेली वेगवेगळी सॉफ्टवेअर. बिलोलीचा माणूस नांदेडला पाठवला, की त्याच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या नव्याने व्हायच्या, कारण बिलोलीचा रिपोर्ट नांदेडच्या पडद्यावर दिसत नसे. एका म्हातारबाबांचं रक्त आठ दिवसांत तीन ठिकाणी तीनदा काढलं, तेव्हा ते डॉक्टरांना म्हणाले होते, "आता काई उरलंच न्हाई, सुई मागारी घ्या."

संस्थेचे प्रमुख डॉ. सुदर्शन येरमवार यांना ही गोष्ट जिव्हारी लागली. पाचही दवाखान्यांत एका माणसाचा एकच नंबर आणि एकच नोंद असावी, असं त्यांनी मनावर घेतलं, आणि त्याची आखणी दामिनीच्या हाती सोपवली.

तिची काम करायची पद्धत पाहून पहिल्यांदा लोक बुचकळ्यात पडले. कॉम्प्युटरवर बसण्याऐवजी तिने केबिनच्या भिंतीवर वर्तमानपत्राएवढे ब्राऊन पेपर चिकटवले आणि पेन्सिल घेऊन ती दवाखान्यांत फिरू लागली. केसपेपर खिडकीवर सुरू होतो, तिथून कुठं जातो, मधे कोण त्यावर काय लिहितं, सगळं ती विचारायची. प्रत्येक ठिकाणी तिचा एक प्रश्न ठरलेला असे: "हे चुकलं, तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल?" लातूरला तिला कळलं, की प्रयोगशाळेतल्या बाई सगळे आकडे आधी वहीत लिहितात, कारण दुपारी वीज गेली की कॉम्प्युटर अर्धवट भरलेलं पान गिळून टाकतो. उदगीरच्या खिडकीवर सीमेपलीकडून आलेल्या म्हाताऱ्यांशी ती कानडीत बोलली, तेव्हा समजलं की तिथं निम्म्या लोकांची आडनावं दोन-दोन तऱ्हेने लिहिली गेली आहेत. हे सगळं भिंतीवरच्या कागदांवर चढत गेलं. चौकोन, बाण, बाणांवर बारीक अक्षरातल्या सूचना. आठ महिन्यांनी त्या भिंतीकडे पाहून संस्थेतला कुणीही सांगू शकला असता, की कोणती माहिती कुठं जन्मते आणि कुठं जाऊन थांबते.

एक गोष्ट मात्र तिने भिंतीपाशी बसूनच ठरवली होती.

पाच ठिकाणच्या मिळून दोन लाख चाळीस हजार नोंदी. त्यांत एकाच माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी असणार. त्या ओळखायच्या कशा? नांदेडच्या बैठकीच्या खोलीत, एसीच्या गारव्यात, दामिनीने नियम लिहिला: नाव तेच, मोबाईल नंबर तोच आणि वयात दोन वर्षांपर्यंतचा फरक, तर माणूस तोच समजायचा. दोन्ही नोंदी एक करायच्या आणि जी माहिती अलीकडची असेल ती ठेवायची. पत्ता तिने मुद्दाम वगळला, कारण पत्ते कुणीच एकसारखे लिहीत नव्हतं. नियम सगळ्यांना पटला. ज्या बाहेरगावच्या कंपनीला काम दिलं होतं, तिने चाचणीसाठी सगळ्या नोंदींची एक नक्कल घेतली आणि तिच्यावर तो नियम चालवला. एकतीस हजार दुबार नोंदी निघाल्या. अहवालातल्या सगळ्या रकान्यांना हिरवा रंग होता.

डॉ. येरमवारांनी उद्घाटनासाठी रविवार ठरवला; त्याच दुपारी खऱ्या नोंदीही एक करायच्या होत्या. पत्रिका छापल्या, पाहुण्यांना फोन गेले, लातूरहून मंडपवाला सांगितला.

त्या आठवड्यात दामिनीला चैन पडेना. पाचातली चार ठिकाणं तिने स्वतः पाहिली होती, एक राहिलं होतं. इस्लापूरला ती दोनदा निघाली होती. एकदा ओढ्याच्या पुराने रस्ता बंद झाला आणि दुसऱ्यांदा बैठक आडवी आली. शिवाय इस्लापूरच्या नोंदी जेमतेम अकरा हजार. तिथं वेगळं काय असणार, असं सगळे म्हणाले आणि तीही म्हणाली होती.

बुधवारी जेवताना रविकांत म्हणाला, "तुझं लक्ष कुठाय? भाजीत मीठ न्हाई, तरी खाऊन राहिलीस."

"मी इस्लापूर बघितलं नाही."

"मग बघून ये की. सकाळची आदिलाबादची गाडी आहे. सहस्रकुंड स्टेशनला उतर, तिथून ऑटो मिळतो."

गुरुवारी ती गेली.

इस्लापूरच्या दवाखान्याची खिडकी म्हणजे व्हरांड्यातलं एक टेबल. टेबलामागे सटवाजी भुजबळे नावाचे गृहस्थ, वय अठ्ठावन्न, खांद्यावर उपरणं, नाकावर चष्मा. गेली बावीस वर्षं त्या दवाखान्याची नोंदणी त्यांच्याच हातची. दामिनीने ओळख सांगितली तशी त्यांनी शेजारची खुर्ची उपरण्याने पुसली.

"बसा म्याडम. पण आज गुरुवार, बाजाराचा दिवस. गर्दी लई. बोलायला सवड न्हाई भेटायची."

"मी नुसती बघते, काका. तुम्ही तुमचं काम करा."

तासभर ती बघत राहिली. मग चाळिशीतली एक बाई टेबलापाशी आली. तापाने डोळे लाल झालेले.

"नाव?" सटवाजींनी विचारलं.

"सिंधु मारोती भुरके."

सटवाजींनी मान वर न करता विचारलं, "टेकडीवरची का नाल्यापल्याडची?"

"नाल्यापल्याडची."

त्यांनी कॉम्प्युटरवर नाव टाकलं. एकाखाली एक अशा दोन सिंधु मारोती भुरके आल्या. त्यांनी खालची निवडली, चिठ्ठी काढून दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

दामिनी खुर्चीत सरसावून बसली. "काका, थांबा जरा. या दोन बायका वेगळ्या आहेत?"

"वेगळ्याच की. टेकडीवरची माहेरची धनव्याची, ही कोठारीची. दोघींच्या मालकाचं नाव मारोती. भावकीच हाय ती, भुरक्यांची."

"आणि दोघींचा मोबाईल नंबर?"

"येकच हाय." सटवाजींनी असं सांगितलं, जसं सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं. "त्यो उज्वलाताईचा. आमची आशाताई, गावात राहती अन् वस्त्यांवर दवाखान्याचं काम बघती. तिकडं वर रेंजच न्हाई म्याडम, फोन कुणाला लागतच न्हाई. मग निरोप द्यायचा कुणाला? उज्वलाताईला. म्हून समद्यांचा नंबर तिचाच."

"सगळ्यांचा म्हणजे किती जणांचा?"

"ते म्या मोजलं न्हाई."

दामिनीने लॅपटॉप उघडून मोजलं. उज्वलाताईंच्या नंबरावर दोनशे चौदा माणसं होती. वयं बघितली, तर त्यांतल्या निम्म्यांहून जास्त जणांची जन्मतारीख एक जानेवारी, वर्षं अंदाजाने टाकलेली. नाव, नंबर, वय: ज्या तीन गोष्टींवर तिचा सगळा नियम उभा होता, त्या तिन्ही इथं कुणा एका माणसाच्या नव्हत्याच.

मग तिने चाचणीतल्या नकलेत सिंधु मारोती भुरके शोधली. तिथं एकच सिंधु होती. वय चव्वेचाळीस. शेवटची भेट गेल्या महिन्यात, तापासाठी. औषधांची ॲलर्जी या रकान्यात लिहिलं होतं, 'नाही'.

"काका, यांतल्या कुणाला ॲलर्जी आहे का?"

सटवाजींनी उत्तर देण्याऐवजी उठून कपाटातलं एक खाकी पाकीट आणलं. त्यावर लाल शाईने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: टेकडी. पेनिसिलिन देऊ नये. "हे रत्नम्मा सिस्टरचं अक्षर. त्यांनाच इच्यारा."

रत्नम्मा सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत होत्या. हातमोजे काढत त्यांनी सांगितलं, "दोन वर्षं झाली. पायाला कुऱ्हाड लागली म्हणून आली होती. तेव्हा माहीत नव्हतं. इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी, श्वास लागेना. डॉक्टर इथंच होते म्हणून वाचली बाई. त्या दिवसापासून मी पाकिटावर लिहिलं, कॉम्प्युटरवरपण टाकायला लावलं. काहून इच्यारून राहिलात?"

दामिनीने त्यांना लॅपटॉपवरची एक झालेली नोंद दाखवली. रविवारी दुपारी खऱ्या नोंदींवर तो नियम चालला असता, तर टेकडीवरच्या सिंधुची दोन वर्षांपूर्वीची माहिती नाल्यापल्याडच्या सिंधुच्या ताज्या नोंदीखाली पुसली गेली असती. सोमवारपासून पाचही दवाखान्यांच्या पडद्यांवर 'नाही' असंच दिसलं असतं, अगदी हिरव्या रंगात. आणि 'हे चुकलं, तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल' हा प्रश्न तिने स्वतःच्या नियमाला कधी विचारलाच नव्हता.

ती दवाखान्याबाहेर येऊन पायरीवर बसली. हळूहळू एक गोष्ट मनात नीट बसली, की अजून काहीच झालेलं नाही. पुसलं गेलंय ते नकलेतलं. खऱ्या नोंदी जागच्या जागी आहेत, लाल शाईचं पाकीट कपाटात आहे. आज गुरुवार आहे. तिने लांब श्वास सोडला आणि आत जाऊन सटवाजींना म्हणाली, "काका, तुमची जेवायची वेळ झाली की मला अर्धा तास द्या. तुम्ही माणूस कसा ओळखता, ते मला पहिल्यापासून सांगा."

भाकरीचे तुकडे मोडत सटवाजींनी सांगितलं. नाव विचारायचं, मग वस्ती, मग बाई असेल तर माहेर. पुरुष असेल तर बापाचं नाव आणि घरात थोरला का धाकला. एवढ्यात उलगडा झाला नाही, तर मागच्या खेपेला कशासाठी आला होता ते. "चौथ्या सवालापोतर कुणी जातच न्हाई," ते म्हणाले. दामिनी भराभर लिहून घेत होती. तिच्या लक्षात आलं, की वस्तीचं नाव ते आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर पत्त्याच्या रकान्यात टाकत आले आहेत, बावीस वर्षं, न चुकता. जो रकाना तिने वगळला होता, तोच.

शुक्रवारी सकाळी दहाला ती डॉ. येरमवारांच्या खोलीत होती. बाहेर गाडीतून नवे बॅनर उतरवून घेण्याचा गलका चालला होता.

"सर, रविवारी नोंदी एक करायच्या नाहीत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दामिनी, रविवारला दोन दिवस राहिलेत. कंपनीचा रिपोर्ट चांगला आहे. तुम्हीच मला दाखवलात."

"रिपोर्ट बरोबर आहे. त्यांनी नियम सांगितला तसा चालवला. नियम चुकीचा आहे, आणि तो मी लिहिलाय."

कंपनीवर, इस्लापूरच्या नोंदीवर, कुणावरही ढकलता आलं असतं. येताना गाडीत तिने ते सगळे पर्याय मनात घोळवून पाहिले होते. पण नंतर त्याच माणसांच्या शेजारी बसून काम करायचं होतं. तिने दोन्ही सिंधुंच्या नोंदी छापून आणल्या होत्या, त्या आणि तिसरा कागद, एक झालेल्या नोंदीचा, शेजारी-शेजारी मांडला.

डॉ. येरमवार मूळचे सर्जन. पहिल्या कागदावर त्यांनी 'पेनिसिलिन' वाचलं, तिसऱ्यावर 'नाही' वाचलं आणि खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा उतरला होता. चिडतील, असं दामिनीला वाटलं होतं, आणि ते चिडलेही. "आठ महिने काय केलं मग आपण?" असं म्हणाले. इस्लापूरला आधी का गेला नाहीत, असंही विचारलं. तिने कारणं सांगितली नाहीत. "जायला हवं होतं," एवढंच म्हणाली.

मग त्यांनी विचारलं, "अशा किती?"

"काल संध्याकाळी चाळून बघितल्या. एका नंबरावर पाचपेक्षा जास्त माणसं असलेल्या जागा पाचही ठिकाणी आहेत. बिलोलीला एका किराणा दुकानाचा नंबर आहे, लातूरला एका वसतिगृहाचा. एकतीस हजारांतल्या साधारण एकोणीसशे जोड्या मला संशयास्पद वाटतात. बाकीच्या बहुतेक खऱ्याच दुबार असाव्यात, पण खात्री मी आज देणार नाही."

"उपाय?"

उपाय तिने भिंतीवरच्या कागदावर आदल्या रात्रीच काढून ठेवला होता. कुठलीही नोंद पुसायची नाही, दुसरीत मिसळायचीही नाही. दोन नोंदी एकाच माणसाच्या वाटल्या, तर त्यांना नुसती गाठ मारायची, हवी तेव्हा सोडता येईल अशी. गाठ मारायची की नाही हे यंत्राने सुचवायचं आणि ठरवायचं खिडकीवरच्या माणसाने, वस्ती आणि माहेर विचारून. ॲलर्जीला मात्र वेगळा कायदा: जोडलेल्या नोंदींपैकी एकीतही ती लिहिली असेल, तर सगळीकडे लाल अक्षरांत दिसली पाहिजे, आणि डॉक्टरच्या सहीशिवाय ती कुणालाच काढता येणार नाही.

"किती दिवस लागतील?"

"सात आठवडे."

"आणि रविवार?"

"रविवार करा, सर. नवीन येणाऱ्या माणसांना नवा नंबर रविवारपासून देता येईल, त्यात काही अडचण नाही. जुन्या नोंदी आज जिथं आहेत तिथंच राहतील. पाहुण्यांना खोटं काही सांगावं लागणार नाही."

डॉक्टरांनी तिन्ही कागद पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "मी तेवीस वर्षं ऑपरेशनं केली. पोट उघडण्याआधी कुणी थांब म्हणालं, की राग येतो आणि बरंही वाटतं. जा, कामाला लागा. कंपनीशी मी बोलतो."

दामिनी जिना उतरून खाली आली तेव्हा तिचे पाय हलके झाले होते. तिने कँटीनमध्ये जाऊन सुशीला मागवला, चुरमुऱ्यांचा, वर शेंगदाणे घातलेला, आणि सगळा संपवला. कालपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं.

रविवारचा कार्यक्रम झाला. भाषणं झाली, नव्या नंबराचं पहिलं कार्ड एका आजीबाईंच्या हातात दिलं गेलं. दामिनी मंडपाच्या मागच्या रांगेत बसली होती आणि टाळ्या वाजवत होती.

पुढचे सात आठवडे मात्र खडतर गेले. कंपनीच्या लोकांना नवी रचना पटायला चार दिवस लागले. "एवढं माणसांवर सोडलं, तर सॉफ्टवेअर कशाला?" असं त्यांचा प्रमुख फोनवर म्हणाला. दामिनीने त्याला वाद न घालता इस्लापूरची एक दुपार सांगितली. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच फोन करून कबूल केलं, की त्याच्या आजोळच्या गावातही सगळ्यांचा नंबर पोस्टमनचाच असायचा.

सटवाजींना तिने आठ दिवसांसाठी नांदेडला बोलावून घेतलं. पाचही खिडक्यांवरची माणसं एका खोलीत बसवली आणि शिकवायला त्यांना उभं केलं. पहिल्या दिवशी ते घामाघूम झाले, उपरण्याने सारखं तोंड पुसत होते. लातूरच्या खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "काका, आमच्याकडे शहरात वस्ती काय विचारायची?" तेव्हा त्यांची भीड मोडली. "का बरं? शहरात गल्ली नसती का? घरमालकाचं नाव नसतंय का? माणूस कुठंतरी ऱ्हातोच की." दुसऱ्या दिवसापासून ते बसून शिकवू लागले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी उदगीरच्या माणसाच्या दोन चुका पकडल्या.

एकोणीसशे संशयास्पद जोड्यांपैकी सहाशे बारा प्रत्यक्षात वेगवेगळी माणसं निघाली. त्यांतल्या सतरा जणांच्या बाबतीत औषधाची किंवा रक्तगटाची माहिती उलटी पडली असती. दामिनीने त्या सतरा जणांच्या नोंदी पुन्हा-पुन्हा तपासल्या. मग लॅपटॉप मिटून ती रविकांतबरोबर गोदावरीच्या घाटावर फिरायला गेली. चालता चालता तिने सांगितलं, "सतरा जण होते."

"आता?"

"आता कुणी नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि दोघांनी कणसं घेतली.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी रत्नम्मा सिस्टरांचा फोन आला. टेकडीवरच्या सिंधुचा पाय पिकला होता, साखर वाढलेली, इस्लापूरला होण्यासारखं नव्हतं. तिला नांदेडला पाठवलं होतं. "तुमच्याकडं पोचली का, तेवढं बघा," सिस्टर म्हणाल्या.

दामिनीने दुपारपर्यंत केबिनमधूनच पडद्यावर लक्ष ठेवलं. सिंधु मारोती भुरके साडेनऊला पोचली होती. खिडकीवर दोन नावं आली होती, कुणीतरी वस्ती विचारली होती, टेकडी निवडली होती. नावाशेजारी लाल अक्षरांत पेनिसिलिन. खाली वॉर्डातल्या डॉक्टरची टीप: ॲलर्जी पाहिली, दुसऱ्या गटातलं औषध सुरू. बारा वाजता भूल देऊन जखम साफ केली. सव्वा वाजता रुग्ण शुद्धीवर, तब्येत स्थिर.

एवढं वाचून तिला जे वाटलं, ते इतकं साधं होतं की तिला हसू आलं. कुणी धावाधाव केली नव्हती, कुणाचा आरडाओरडा नव्हता. एक बाई आली, तिला चालेल ते औषध मिळालं, ती झोपली.

तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली. खिडकीजवळच्या खाटेवर सिंधु पायाला भलं मोठं बँडेज बांधून बसली होती, रंगाने काळीसावळी, काटक. दामिनीला पाहून तिने पदर सारखा केला.

"डॉक्टरीण बाई का तुमी?"

"नाही."

"मंग सिस्टर?"

"नाही. मी इथं तुमचे सगळ्यांचे कागद नीट राहतील, ते बघते."

"आस्सं." सिंधुने मान डोलावली. "आमच्याकडं ते काम सटवाजी बघतो. तुमच्या हाताखाली हाय का त्यो?"

"आठ दिवस मी त्यांच्या हाताखाली होते," दामिनी म्हणाली.

सिंधुला ते खरं वाटलं नसावं, पण ती हसली. मग जवळ बस म्हणून तिने खाटेची कड झटकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "येक सांगता का बाई? सुट्टी कवा होईल? घरी दोन म्हशी हायत. त्या मालकाला दूद काढू देत न्हाईत."

"डॉक्टर म्हणाले शुक्रवारी."

"शुक्रवारी," सिंधुने बोटांवर दिवस मोजले. "चालतंय. दोन दिस काढल मारोती कसंबी."

दामिनी तिच्याजवळ बराच वेळ बसली. म्हशींची नावं विचारली, सहस्रकुंडच्या धबधब्याला पाणी किती आहे ते विचारलं. जेवणाचं ताट आलं तेव्हा सिंधुने तिला त्यातली अर्धी पोळी बळेच खायला लावली. पोळी गार होती आणि वरणात मीठ कमी होतं. दामिनीने ती आवडीने खाल्ली, हात धुतले आणि जिना चढून वर गेली. बिलोलीहून औषधांच्या कपाटाचं काहीतरी विचारायला दोनदा फोन येऊन गेला होता.